लॅटिन शब्दाचा अर्थ ग्रंथांतून कसा काढावा : 'कार्बसुस' या शब्दाचे उदाहरण

खानदेशातील वाचकाची लॅटिनशी पहिली गाठ पडते ती बहुधा वनस्पतींच्या शास्त्रीय नावांमुळे. कृषी शाखेच्या विद्यार्थ्याला कापूस 'गॉसिपियम' म्हणून पाठ करावा लागतो, जवस 'लायनम' म्हणून. आणि त्यातल्याच एखाद्याला या नावांच्या मागची मूळ भाषा वाचावीशी वाटते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला ही भाषा शिकवणारा शिक्षक घराजवळ मिळणे कठीण असले, तरी कोश आणि मूळ ग्रंथ आता संगणकावर विनामूल्य उघडतात, त्यामुळे साधनांची अडचण पूर्वीसारखी राहिलेली नाही. अडचण राहते ती पद्धतीची. कोशात शब्द काढायचा, पहिला अर्थ वहीत उतरवायचा आणि पुढे जायचे, या सवयीने लॅटिन वाक्ये सुटल्यासारखी वाटतात, पण ग्रंथकाराने तोच शब्द तिथे का घातला हे कधीच कळत नाही. ते कळण्यासाठी शब्द त्याच्या वापरासह तपासावा लागतो. तो कसा तपासावा हे येथे 'कार्बसुस' या एका शब्दाच्या आधारे सांगितले आहे. हा शब्द मुद्दाम निवडला आहे. कारण संस्कृत 'कर्पास' आणि म्हणून आपला 'कापूस' याच्याशी त्याचे नाते आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने कापसाच्या पट्ट्यातील वाचकाला तो सर्वांत आधी फसवतो.

प्रथम शब्दाचे कोशातील रूप ओळखावे. शाळेत संस्कृत शिकलेल्या वाचकाला येथे बरीच सोय आहे, कारण लॅटिन नामेही विभक्तीनुसार बदलतात. फक्त आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचे बहुतेक काम लॅटिनमध्ये एकच विभक्ती करते, एवढे लक्षात ठेवावे. नाम कोशात प्रथमेच्या एकवचनात मिळते, त्यापुढे षष्ठीचे रूप आणि लिंग दिलेले असते. क्रियापदाच्या बाबतीत मात्र आपली सवय मोडावी लागते. संस्कृत कोश धातू देतो, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश '-णें' लावून क्रियापद देतो, आणि लॅटिन कोश 'मी गातो' या अर्थाचे प्रथमपुरुषी 'कानो' हे रूप देतो. 'कार्बसुस' हा रोमन लिपीत सी, ए, आर, बी, ए, एस, यू, एस असा लिहिला जातो. '-उस' या शेवटामुळे तो पुल्लिंगी असावा असे वाटते, पण कोश त्याला स्त्रीलिंगी म्हणतो. कोशाच्या या म्हणण्यावरही नुसता विश्वास ठेवू नये, कारण त्याचा पडताळा ग्रंथातच सापडतो: रोमन कवी प्रॉपर्शियस 'कार्बसुस आल्बा' म्हणजे पांढरी कार्बसुस असे लिहितो, आणि 'आल्बा' हे विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप आहे. अनेकवचनात हाच शब्द 'कार्बसा' असा नपुंसकलिंगी होतो. लिंगाची ही उठाठेव निरुपयोगी नाही. लॅटिन कवितेत विशेषण आणि नाम यांच्यामध्ये चार-पाच शब्द सहज येतात, आणि कोणते विशेषण कोणाचे हे लिंगावरूनच ठरते.

त्यानंतर कोश उघडावा. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकासाठी 1879 साली प्रसिद्ध झालेला लुईस आणि शॉर्ट यांचा कोश जुना असला तरी अजून उपयोगी आहे, आणि अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' संग्रहात तो मूळ ग्रंथांसह पाहता येतो. 1968 ते 1982 या काळात भागाभागाने निघालेला ऑक्सफर्डचा लॅटिन कोश अधिक काटेकोर आहे. तो साधारण इ.स. 200 पर्यंतचेच साहित्य विचारात घेतो, त्यामुळे अभिजात काळापुरता पाहायचे असेल तर त्याच्याइतका भरवशाचा सोबती नाही. या दोहोंच्या पलीकडे म्युनिकमधील 'थेसाउरुस' हा महाकोश आहे. त्याचे काम 1894 साली सुरू झाले आणि ते अजून संपलेले नाही, परंतु 'सी' या अक्षराचे खंड कधीच छापून झाले आहेत. त्यातील स्पष्टीकरणे लॅटिनमध्येच असल्याने नवशिक्याने त्याकडे वळण्याची घाई करू नये.

कोशातील नोंद वाचताना एक गोष्ट पाळावी: अर्थ पेन्सिलीने आणि संदर्भ शाईने लिहावेत. लुईस-शॉर्टमध्ये 'कार्बसुस'चा पहिला अर्थ अतिशय तलम स्पॅनिश जवसाचा धागा असा आहे, आणि त्यापुढे त्याचे वस्त्र, शीड, मांडवाचे छत असे अर्थ ओळीने येतात. हा क्रम कोशकाराने लावलेला आहे. मूळ अर्थ कोणता आणि लक्षणेने आलेला कोणता याविषयीचे ते त्याचे मत आहे, आणि मत बदलू शकते. प्रत्येक अर्थापुढे ग्रंथकाराचे नाव, ग्रंथ, सर्ग आणि ओळ यांची जी आखडलेली अक्षरे असतात, ती मात्र पुरावा आहेत. आपल्याला त्या ओळींपर्यंत पोहोचायचे आहे.

कोशाने दिलेल्या जागा पुरत नाहीत, म्हणून स्वतः शोधही घ्यावा. पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूटचा लॅटिन ग्रंथसंग्रह यासाठी सोयीचा आहे. तेथे संपूर्ण शब्द न टाकता पहिली सहा अक्षरेच टाकावीत, म्हणजे 'कार्बसुस', 'कार्बसा' आणि 'कार्बसेउस' हे विशेषण अशी सारी रूपे एकत्र हाती येतात. शब्दात 'व' किंवा 'य' असेल, तर निरनिराळ्या आवृत्त्यांत ती अक्षरे निराळ्या पद्धतीने छापलेली असतात, हे ध्यानात ठेवून दोन्ही प्रकारे शोधावे. आणि शब्दाच्या शेवटी 'क्वे' चिकटलेले दिसले तर गोंधळू नये; तो आपल्या संस्कृत 'च'चा सख्खा भाऊ आहे आणि त्याच्यासारखाच मागे जोडला जातो.

हाती आलेल्या ओळी काळानुसार लावाव्यात आणि प्रत्येकीपुढे गद्य की पद्य हे लिहावे. 'कार्बसुस'ची यादी इ.स.पू. दुसऱ्या शतकापर्यंत मागे जाते. जुना रोमन कवी एनियस याच्या एका ओळीत उंच कार्बसुस उडत चालली आहे आणि नावेचा वाकलेला तळ ओढून नेणार आहे. पुढच्या शतकात कवी लुक्रेशियस, वक्ता सिसेरो आणि कवी कॅटलस, त्यानंतर व्हर्जिल, प्रॉपर्शियस व ओव्हिड हे कवी, आणि इ.स. पहिल्या शतकात कवी ल्युकन, निसर्गाविषयी लिहिणारा थोरला प्लिनी आणि सिकंदराचा इतिहास लिहिणारा कर्टियस. एवढी यादी समोर असली की शब्दाचे आयुष्य दिसू लागते.

आता प्रत्येक ओळ तिच्या प्रसंगात वाचायची, आणि येथे वेळ खर्च करण्यास संकोच करू नये. लुक्रेशियस आपल्या सहाव्या सर्गात मेघगर्जनेचे कारण सांगतो. मोठ्या नाट्यगृहांवर ताणलेली कार्बसुस खांब आणि तुळया यांच्यामध्ये वाऱ्याने हेलकावे खात जशी फडाफड वाजते, तसा ढगांचा आवाज होतो, असे तो म्हणतो. या एका दृष्टांतातून कापडाचा गुण कळतो: ते ताणता येते, मोठ्या आकाराचे असते आणि वाऱ्यात वाजते. आता सिसेरोकडे यावे. व्हेरेस या सिसिलीच्या माजी सुभेदारावर इ.स.पू. 70 मध्ये झालेल्या खटल्यासाठी त्याने लिहिलेल्या भाषणांपैकी पाचव्यात (ही भाषणे प्रत्यक्षात न्यायालयात झालीच नाहीत, ती केवळ प्रसिद्ध केली गेली) व्हेरेस उन्हाळ्यात सिराक्यूजच्या बंदराच्या तोंडाशी कार्बसुसच्या पडद्यांचे तंबू उभारी, असे वर्णन आहे. तंबू साध्या कापडाचे असते तर सिसेरोने कापडाचे नाव घेतले नसते. सुभेदाराचा ऐषआराम श्रोत्याच्या डोळ्यांत भरावा म्हणून हा शब्द आला आहे. लुक्रेशियसच्या ओळीत वस्तू कळते आणि सिसेरोच्या वाक्यात तिची किंमत कळते. कोशात या दोन्ही जागा 'छत, पडदा' अशा एकाच अर्थाखाली शेजारी बसतात.

कॅटलसची चौसष्टावी कविता या शब्दासाठी सर्वांत फलदायी आहे. ग्रीक कथेतील वीर थीसियस क्रीट बेटाला निघाला आहे आणि त्याचा बाप ईजियस त्याला शिडांविषयी सूचना देत आहे. भटक्या डोलकाठीवर मी रंगवलेली 'लिन्तेआ' टांगीन, म्हणजे इबेरियाच्या (म्हणजे स्पेनच्या) गंजासारख्या गडद रंगाने काळवंडलेली 'कार्बसुस' आमचा शोक आणि मनातली आग सांगेल, असे तो म्हणतो. आणि काही ओळींनंतर, सुखरूप परत येशील तेव्हा दोरांनी पांढरी 'वेला' वर चढवावीत, अशी आज्ञा करतो. अकरा ओळींत एकाच वस्तूला तीन नावे आहेत. 'वेला' हा शिडाचा रोजच्या व्यवहारातला शब्द, 'लिन्तेआ' हा 'लीनुम' म्हणजे जवस यापासून आलेला, कापडाकडे बोट दाखवणारा, आणि 'कार्बसुस' हा त्यातला उंची शब्द. एखादा भाषांतरकार तिन्ही ठिकाणी 'शीड' लिहून मोकळा होईल, आणि अर्थाची चूकही कोणी काढू शकणार नाही. परंतु बापाच्या शोकासाठी कवीने उंची शब्द राखून ठेवला होता, ही गोष्ट मात्र त्या भाषांतरात उरणार नाही.

व्हर्जिलचे 'एनीड' हे महाकाव्य वाचताना तोच शब्द वेगवेगळ्या सर्गांत कसा येतो ते पाहावे. तिसऱ्या सर्गात वाऱ्याच्या झुळका 'वेला'ंना बोलावतात आणि फुगलेल्या दक्षिणवाऱ्याने 'कार्बसुस' भरते. चौथ्या सर्गात राणी डायडो, जिचा प्रियकर तिला सोडून समुद्रमार्गे निघाला आहे, आपल्या बहिणीला किनाऱ्यावरची लगबग दाखवते, आणि तेथे कार्बसुसच झुळकांना हाक मारते आहे. क्रियापद तेच, पण हाक मारणारा बदलला. जाणाऱ्यांना वारा येण्याचीही वाट पाहवत नाही असे सोडून दिल्या जाणाऱ्या स्त्रीला दिसते, हे या अदलाबदलीतून कळते, आणि दोन्ही ओळी शेजारी ठेवल्याशिवाय ते लक्षात येत नाही. आठव्या सर्गात टायबर नदीचा देव स्वप्नात प्रकट होतो; त्याच्या अंगावर तलम, निळसर-करड्या रंगाची कार्बसुस आहे आणि केसांवर बोरूचे आच्छादन आहे. येथे शीड नाही, छत नाही. पाण्याचा पोत वस्त्राला आला आहे.

शब्द जेथे येतो तेथे पाहणे झाले की, तो जेथे यायला हवा होता पण आला नाही, तेथे पाहावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते शब्दाची सीमा हिच्याशिवाय ठरत नाही. रोमन सेनापती सीझर गॉलच्या युद्धाच्या तिसऱ्या पुस्तकात व्हेनेती या दर्यावर्दी लोकांची शिडे कातड्यांची असल्याचे सांगतो, आणि त्यांच्याकडे 'लीनुम' नव्हते किंवा त्याचा उपयोग त्यांना माहीत नव्हता, असे एक कारण सुचवतो. शिडे, कापड, दोन्ही विषय आले, तरी 'कार्बसुस' नाही. कोरडा लष्करी वृत्तान्त लिहिणाऱ्याला तो लागला नाही. म्हणजे शीड या अर्थी तो कवींचा शब्द आहे. दुसरी जागा आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. व्हर्जिल 'जॉर्जिक्स' या शेतीवरील काव्याच्या दुसऱ्या सर्गात इथिओपियातील राया मऊ लोकरीने पांढऱ्या दिसतात असे म्हणतो. ही झाडावरची लोकर म्हणजे कापूस हे उघड आहे. तरीही त्याने तेथे 'लाना' म्हणजे लोकर हाच शब्द वापरला, 'कार्बसुस' वापरला नाही. प्लिनी आपल्या एकोणिसाव्या पुस्तकात वरच्या इजिप्तमधील एका झुडुपाचे वर्णन करतो, ज्याला काही लोक 'गोस्सिपिओन' आणि पुष्कळ लोक 'क्सिलोन' म्हणतात. आजचे गॉसिपियम येथूनच आले. तेथेही झाडाचे नाव 'कार्बसुस' नाही.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो खानदेशातील वाचकाने ठळक अक्षरात लिहून ठेवावा. मराठीत 'कापूस' म्हणजे शेतातले पीक आणि बोंडातून वेचलेला सरकीसह तंतू. जिनिंगमधून निघाला की त्याची रुई होते, आणि विणून झाल्यावर त्या वस्तूला आपण सुती कापड म्हणतो, कापूस म्हणत नाही. लॅटिन 'कार्बसुस'चे नेमके उलटे आहे. ती जवळजवळ सदैव विणलेली वस्तू आहे. शेतात उभे असलेले झाड ती कधीच नाही. नाव एका घराण्यातले, पण वस्तूच्या प्रवासातील दोन वेगळ्या टोकांना चिकटलेले.

मग कार्बसुस सुती होती की जवसाची? याचे उत्तर सर्व जागांसाठी एक देता येत नाही, आणि द्यायचा हट्टही धरू नये. प्लिनी स्पेनमधील तार्राको शहराजवळच्या जवसाची स्तुती करताना कार्बसुस प्रथम तेथे निघाली असे सांगतो, म्हणजे त्याच्या मते ती जवसाच्या सुताची. (आपल्याकडे जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात, त्याच्या खोडापासून कापड होते हे सांगितल्यावर पुष्कळांना नवल वाटते.) भारतीयांच्या पोशाखाचा विषय आला की पारडे दुसरीकडे झुकते. कर्टियस आठव्या पुस्तकात लिहितो की भारतीय लोक अंग पायापर्यंत कार्बसुसने झाकतात, पायांत वहाणा घालतात आणि डोक्याला लिन्तेआ गुंडाळतात. धोतर आणि पागोटे याहून वेगळे काय असणार? ल्युकनही भारतीयांच्या सैलसर कार्बसा रंगीत रत्नांनी बांधलेल्या दाखवतो. या जागी सुती कापड समजणे सयुक्तिक आहे. पण त्याच कर्टियसने किंचित आधी, ही भूमी 'लीनुम'ने समृद्ध असून बहुतेकांची वस्त्रे त्यापासून होतात, असे म्हटले आहे. तेव्हा रोमन लेखक 'लीनुम' हा शब्दही सैलपणे वापरत होते आणि परक्या तंतूला घरच्या तंतूचे नाव देत होते, हे धरून चालावे.

व्युत्पत्ती सर्वांत शेवटी पाहावी. नवशिका तिच्यापासून सुरुवात करतो, कारण ती मनोरंजक असते. 'कार्बसुस' लॅटिनमध्ये ग्रीक 'कार्पासोस'वरून आला आणि त्या ग्रीक शब्दाचे नाते 'कर्पास'शी आहे. लॅटिन 'विर' आणि संस्कृत 'वीर' यांचे नाते असे नाही. ते दोन्ही एका प्राचीन पूर्वज भाषेतून वारशाने आले आहेत, तर कार्बसुस मालाबरोबर हातोहात गेला. इ.स. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून भरुच बंदरात जात असल्याचा उल्लेख आहे. त्यात तेरहून जाणाऱ्या साध्या कापडाचे आणि मलमलीच्या प्रकारांचे नाव येते, आणि पैठण ते भरुच अशी सरळ रेष नकाशावर ओढली तर ती आपल्या बागलाणाजवळून जाते. हे वाचून आनंद होणे साहजिक आहे. त्या आनंदात कॅटलसच्या ईजियसने सुती शीड उभारले असे मात्र लिहू नये. एनियसने हा शब्द वापरला तेव्हा तो रोमन कानाला ग्रीक वाटत होता, आणि त्याचे पूर्वेकडचे गाव त्याला किंवा त्याच्या श्रोत्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तार्राकोचा प्लिनीचा दावाही याच कसोटीवर तपासावा: शब्द त्याच्या आधी दोन शतके लॅटिनमध्ये आहे, म्हणून स्पेनमध्ये कापडाची एक उत्तम जात निघाली असेल, पण शब्द तेथे जन्मला नाही.

एवढे झाल्यावर मराठी प्रतिशब्द निवडावा, आणि तो शब्दासाठी न निवडता ओळीसाठी निवडावा. टायबरच्या देवासाठी 'तलम वस्त्र' पुरेसे आहे, कारण तेथे धाग्याची जात गौण आहे. सिसेरोच्या तंबूंसाठी 'उंची तलम कापडाचे पडदे' असे किंचित लांबवावे लागेल, नाहीतर आरोपाची धार जाईल. लुक्रेशियससाठी 'ताणलेले छत' चालेल. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाचे कापड वाऱ्यात कसे वाजते ते वाचकाला माहीत आहे. कर्टियससाठी 'सुती वस्त्र' लिहून तळटीप द्यावी. कॅटलसची जागा खरी अवघड आहे, कारण समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या बोलीत शिडाला तीन पायऱ्यांचे तीन शब्द नाहीत. 'रंगवलेली कापडे', 'काळवंडलेले तलम शीड' आणि नुसती 'शिडे' अशी विशेषणांच्या मदतीने चढउतार ठेवता येईल, असे मला वाटते. 'कापूस' हा शब्द यांपैकी एकाही ठिकाणी बसत नाही.

सरावासाठी 'कार्पेरे' हे क्रियापद घ्यावे. दिसायला ते कर्पासाच्या जवळचे आहे, पण त्याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि हे आधीच सांगून ठेवलेले बरे. रोमन कवी होरेसच्या गीतांच्या पहिल्या पुस्तकातील अकराव्या कवितेत 'कार्पे दिएम' हे जे प्रसिद्ध शब्द आहेत, ते तेथूनच. त्या ओळीकडे लगेच जाऊ नये. आधी 'जॉर्जिक्स'च्या पहिल्या सर्गात रात्री लोकर पिंजणाऱ्या मुली पाहाव्यात, दुसऱ्या सर्गात द्राक्षे तोडणारे लेस्बॉस बेट आणि लांब दिवसांत गवत ओरबाडून खाणारी गुरे पाहावीत. मग 'एनीड'च्या चौथ्या सर्गात याव्यात दोन जागा, सुरुवातीला अदृश्य आगीने कणाकणाने खाल्ली जाणारी डायडो आणि पुढे रात्री शांत झोप घेणारी थकलेली शरीरे. प्रत्येक ठिकाणी कोण काय तोडते, थोडेथोडे की एकदम, आणि तुटणाऱ्या वस्तूचे पुढे काय होते, हे तीन प्रश्न वहीत उतरवावेत. आपल्याकडे कापूस वेचतात, मेथी खुडतात, केळीचा घड कापतात आणि बोरे झोडपतात. होरेसच्या दिवसासाठी यांतले कोणते क्रियापद चालेल, ते या जागा वाचून झाल्यावरच ठरवावे.